पारूआईच्या आवाजासाठी पनवेलला

पनवेलला मुद्दाम कुणी जात नाही. कोकणात उतरणारे, गोव्याला निघालेले, मुंबईहून पुण्याला पळणारे, सगळे पनवेलवरून जातात. मी मात्र सोलापूरहून निघून पनवेललाच गेले, राहिले आणि तिथलं एकही प्रेक्षणीय ठिकाण न बघता परत आले. कर्नाळ्याचा सुळका लांबून दिसला म्हणे, तोही धावत्या व्हॅनच्या खिडकीतून. त्या वेळी माझ्या हातांत असं काही होतं की हिमालय दिसला असता तरी मी मान वर केली नसती. परतल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, एका वाचनालयाची मागची खोली आणि गव्हाणचं एक स्वयंपाकघर. त्यांना ती थट्टा वाटली.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे अष्टौप्रहर चालू राहणारा, बाकीच्या कॉम्प्युटरांना माहिती पुरवणारा दणकट कॉम्प्युटर. स्वभावानं मी चिंतातुर आहे. गॅस बंद केलाय ना हे पाहायला जिन्यावरून परत येणाऱ्या बायकांपैकी. घरी या स्वभावाची टिंगल होते, पण नोकरीत त्याचंच कौतुक होतं, कारण सर्व्हरवाल्या माणसानं कायम वाईटच कल्पना करायची असते.

या प्रवासाचं मूळ एस्तरबाईंपाशी आहे. बाई पनवेलच्या, बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यू. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. वर्गात गव्हाण-उलव्याकडची आगरी मुलं असत. त्या मुलांच्या घरच्या लग्नांना जाता जाता बाईंना धवल्यांचं वेड लागलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती विधीविधीला धवले गाते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. ही गाणी कागदावर नाहीत, म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. बाई टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरल्या आणि सगळं टिपत गेल्या. त्यांत सर्वांत मोठा साठा गव्हाणच्या पारूआईंचा. बाईंच्या शब्दांत, 'बाकीच्या गातात, पारूआई लग्न लावते.' पारूआई आदल्या वर्षी गेल्या होत्या.

कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा बाईंनी ती सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ठेवायची कुठे, तर नझीरभाईंनी यंत्र दिलं. नझीरभाई कोकणी मुसलमान, कुवेतमध्ये उमेद घालवून परतलेले, पनवेलला जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान चालवणारे. कुठल्याशा बड्या कचेरीनं मोडीत काढलेला सर्व्हर त्यांच्याकडे आला होता, तो त्यांनी वाचनालयाला देऊन टाकला. असलं यंत्र चालवायची, ते बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, विकत घ्यायची, तर किंमत ऐकूनच वाचनालयाच्या कमिटीनं विषय बदलला. तेव्हा बाईंनी इंटरनेटवर आम्हा लिनक्सवाल्यांच्या मंडळात शुद्ध मराठीत प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला मी पुढे झाले. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याही मालकीची नसलेली प्रणाली. ती कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. एका तज्ज्ञानं कमिटीला सांगितलं होतं की असल्या यंत्रावर फुकटची सिस्टीम म्हणजे ट्रकला सायकलची चेन. मला राग आला. मग सोलापुरातून फोनवर मी सांगत गेले, तिकडे नझीरभाई बटणं दाबत गेले, आणि लिनक्स चढलं.

आता एवढं एक समजून घ्या, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. त्या यंत्रात आठ डिस्का होत्या, प्रत्येक पुढच्या बाजूनं खणासारखी ओढून काढता येणारी. गाणी अशी वाटून लिहिली होती की कुठल्याही दोन डिस्का मेल्या तरी उरलेल्या सहांवरून सगळं पुन्हा उभं राहतं. तिसरी मेली की मात्र सगळं संपलं. ही वाटणी करायला यंत्रात एक खास कार्ड होतं, पण ते आपल्या कंपनीच्या प्रणालीशीच धड बोलायचं. म्हणून त्याला मी नुसतं हमालीला ठेवलं आणि डोक्याचं काम लिनक्सला दिलं. 'दोन गेल्या तरी काही बिघडत नाही,' हे मी फोनवर सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

दसऱ्यानंतर नझीरभाईंचा फोन आला. "मॅडम, मशीन उठत नाही."

"काय झालं?"

"कुछ नाही, दसऱ्याची पूजा केली."

यंत्रांची पूजा आमच्या कॉलेजातही होते. पण आम्ही बाहेरून हार घालतो आणि पेढा खातो. पनवेलला यंत्र रीतसर बंद करून आठही डिस्का बाहेर काढल्या होत्या, पुसल्या होत्या, पाटावर मांडून प्रत्येकीला हळदकुंकू लावलं होतं, झेंडू वाहिला होता आणि मग परत खणांत सारल्या होत्या. कुठली कुठे होती ते कुणी पाहिलं नव्हतं. आता पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला होता. नझीरभाईंनी तो वाचून दाखवला. कार्ड विचारत होतं की माझ्या आठवणीतला क्रम एक आहे आणि डिस्कांवर लिहिलेला दुसरा, तर खरं कुणाचं धरू? याला दोन उत्तरं होती. एकानं डिस्कांचं खरं मानलं जातं. दुसऱ्यानं सगळं कोरं होतं.

"नझीरभाई, कशालाही हात लावू नका. मी येते."

दुसरी प्रत काढायचं दर महिन्याला ठरत होतं आणि दर महिन्याला राहत होतं. शिवाय बाई पुढच्या आठवड्यात कायमच्या इस्राएलला चालल्या होत्या, लेकीकडे. जाताना एक प्रत सोबत न्यायची आणि एक गावाला ठेवायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पनवेल

सोलापूरच्या कोरड्या हवेतून आलेल्या माणसाला पनवेलचा ऑक्टोबर म्हणजे झाकण ठेवून शिजवल्यासारखा. एस. टी. स्टँडवर उतरले आणि चष्म्यावर वाफ आली. पिशवीत दोन नव्या कोऱ्या डिस्का, स्क्रू ड्रायव्हर आणि आईनं दिलेली शेंगाचटणी होती. पिशवी पोटाशी धरून मी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "दागिने हायेत काय?"

एस्तरबाईंच्या दाराच्या चौकटीला एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली होती. बाईंनी आत जाताना तिला हात लावून बोटं ओठांना टेकवली. "आत देवाचं वचन आहे," त्या म्हणाल्या. "येता-जाता हात लावायचा." बाई लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. मी नमस्काराला वाकले तर म्हणाल्या, "आधी पाणी पी. चेहरा बघ तुझा. परीक्षेचा पेपर कोरा देऊन आल्यासारखा."

बैठकीच्या खोलीत एक मोठी बॅग आ वासून पडली होती. तिच्यात कोकमं, गोडा मसाला, पोह्यांची पिशवी. पोहे कशाला, मी विचारलं. "मलिद्याला. काही मनासारखं झालं की आम्ही गोड पोह्यांचा मलिदा करतो, त्यात खोबरं, फळं. तिकडे असे पोहे मिळतात की नाही कोण जाणे." मग जरा थांबून म्हणाल्या, "इथेच करून खायची वेळ आली तर बरं होईल."

जेवायला नारळ घातलेली भेंडी आणि आमटी-भात होता. आमच्याकडे शेंगदाणा जिथे जिथे पडतो तिथे तिथे इथे नारळ. उत्तम होतं असं आता म्हणते. तेव्हा चव कुठली लागायला, माझं सगळं लक्ष त्या उघड्या बॅगेकडे होतं. तंत्रज्ञाच्या हातून यंत्र मेलं तर दुसरं यंत्र येतं. इथे माझ्या हातून एक अख्खी बाई मरणार होती, आणि तीही दुसऱ्यांदा.

सकाळी बाहेर पडताना मीही त्या डबीला हात लावला. बाईंनी ते पाहिलं आणि दाराला कुलूप लावलं.

वाचनालय

वाचनालय जुनं, पुढे मासिकं वाचणारे पेन्शनर आणि मागे एक लांबट खोली. तिथे टेबलावर तो सर्व्हर आडवा बसलेला, वर छताला एक डुगडुगणारा पंखा. मी म्हटल्याप्रमाणे कशालाच हात लागलेला नव्हता. इतका नव्हता, की कीबोर्डवर चक्क परात पालथी घातलेली होती आणि परातीवर वरवंटा.

"कोन चुकून दाबल म्हनून," घरतभाऊ म्हणाले.

हे हरिश्चंद्र घरत, वाचनालयाचे सगळं काही. कुलूप उघडणारे, पुस्तकं देणारे, दसऱ्याला पूजा करणारे. पन्नाशीचे, गव्हाणचे, एस्तरबाईंचे एकेकाळचे विद्यार्थी. आणि पारूआईंचे चिरंजीव. मला खरं म्हणजे त्यांच्यावर ओरडायचं होतं, वाटेत वाक्यंही तयार केली होती. पण ते म्हणाले, "ताई, इतर वर्सी मी बाहेरनंच फूल ठेवतो. यंदा आई यात हाय ना. बाहेरनं कसा करनार?" आणि माझी सगळी वाक्यं विरून गेली.

यंत्र बंद केलं. पडद्यावर प्रश्न असताना बंद केलं तर चालतं, हे मला ठाऊक होतं, तरी बटणावर बोट ठेवून मी उगीचच श्वास रोखला. मग एकेक खण ओढून पाहायला लागले. पहिला ठीक. दुसराही. तिसऱ्याच्या मागच्या खाचेत ओलं कुंकू गेलं होतं, तांबडं, चिकट. नझीरभाईंनी ताबडतोब केमिस्टकडून स्पिरिट आणलं आणि मी कापसानं एकेक टोक पुसलं. चौथा, पाचवा, सहावा ठीक. सातवा ओढला तर हाताला वजनच लागलं नाही.

समोरून अगदी इतरांसारखा, पण आत डिस्क नाही. हातात आला तो नुसता पिंजरा.

मी नझीरभाईंकडे पाहिलं, नझीरभाईंनी बाईंकडे, बाईंनी घरतभाऊंकडे. घरतभाऊ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

"घरत," बाई म्हणाल्या. फक्त एवढंच.

"बाई, मी नेली घरी. देव्हाऱ्यात बसवली हाय. टाकांच्या बाजूला."

टाक म्हणजे देवाचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा चांदीच्या पत्र्यावर उठवलेला ठसा. आमच्याही देव्हाऱ्यात आजोबांचा आहे. पारूआईंचा टाक अजून घडवायचा राहिला होता, आणि दसऱ्याला सगळे देव उजळून पाटावर आले तेव्हा त्यांत आई नाही हे घरतभाऊंना सहन झालं नाही. टाकात नुसता ठसा असतो. या डिस्केत तर आवाज होता.

"अरे पण सांगायचंस तरी!" बाई कडाडल्या. "या वयात तुला बाकावर उभं करू का?"

"या ताईच फोनवर बोलल्या व्हत्या," घरतभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन गेल्या तरी काय बिघडत नाय. मी तर एकच नेली."

नझीरभाईंना हसू आवरेना. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. हिशेबात घरतभाऊ अगदी बरोबर होते. सात डिस्का हाताशी होत्या आणि सहा पुरतात. मी उदार होऊन म्हटलं, राहू दे आईंना देव्हाऱ्यात. घरतभाऊंचे डोळे भरून आले.

यंत्र सुरू केलं. आतले पंखे असे घोंगावले की बाहेरच्या पेन्शनरांनी वर्तमानपत्रं खाली घेतली. प्रश्न पुन्हा आला. मी तो तीनदा वाचला, नझीरभाईंकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि 'डिस्कांचं खरं' हे उत्तर दिलं. कार्डानं ते मुकाट्यानं मानलं. क्रमाची मला फारशी भीती नव्हती. लिनक्स प्रत्येक डिस्केवर तिची ओळख लिहून ठेवतं, आपण ती कुठल्याही खणात घाला. सोबत आणलेल्या सीडीवरून लिनक्स चालू केलं आणि हजेरी घेतली.

पाच. मी पुन्हा घेतली. पुन्हा पाचच.

कुंकवाची डिस्क उठली नव्हती. आणि आठव्या खणातून टक, टक असा आवाज येत होता. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबून गार झाली की पुन्हा फिरेलच असं नसतं. म्हातारं माणूस खाली बसलं की त्याला उठताना त्रास होतो, तसंच. ती काही उठायला तयार नव्हती. मी बाहेर काढली, हातावर थोडी ऊब दिली, पुन्हा घातली. टक, टक, टक.

कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. पाच डिस्कांवर पारूआईंचा एक शब्दही उभा राहणार नव्हता. नव्या डिस्का पिशवीत होत्या, पण कोऱ्या पाटीवर काय वाचणार? मी स्टुलावर बसले आणि मला रडू येईल असं वाटलं. त्या तज्ज्ञाचा ट्रक आणि सायकलची चेन आठवली. फुकटचं ते फुकटच, असं उद्या सगळं पनवेल म्हणेल. पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती समोर उभी होती, हात जोडून.

"घरतभाऊ," मी म्हटलं, "देव्हाऱ्यातली लागेल."

गव्हाण

नझीरभाईंची जुनी व्हॅन, पुढे घरतभाऊ, मागे मी. बाई वाचनालयात यंत्राची राखण करत बसल्या, परात मांडीवर घेऊन. उरणच्या रस्त्याला लागलो तसे बंदराकडे निघालेले कंटेनर दोन्ही बाजूंनी घराएवढे उभे राहिले. मधे मधे खाडी, तिवरं, आणि जिथे शेतं असावीत तिथे भराव. "इथं आमचा भात व्हायचा," घरतभाऊ बोट दाखवून म्हणाले. खड्ड्यातून व्हॅन उडाली. मी मनात म्हटलं, आत्ता उडू दे, मांडीवर काही नाही. परतताना काय करायचं?

नझीरभाईंनी आरशातून माझं तोंड पाहिलं असावं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. कुवेतमध्ये मी अंड्यांची गाडी चालवायचो. इन्शाल्ला एक पण फुटणार नाही."

घरतभाऊंचं घर पक्कं, गुलाबी रंगाचं, ओटीवर सुकट वाळत घातलेली. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई बाहेर आल्या. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असा उचलून नेवाचा नाय," त्या म्हणाल्या. "सासू हाय ती माजी. उपाशी धाडू काय?"

देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. चांदीचे टाक ओळीनं, आणि त्यांच्या शेवटी चोळीच्या तांबड्या खणावर ती डिस्क, काळी, चौकोनी, कपाळाला हळदकुंकू, वर सुकलेला झेंडू. शेजारी समई. समईची ज्योत तिच्यापासून किती लांब आहे ते मी नजरेनं मोजत राहिले. हात लावून गरम आहे का पाहावं असं फार वाटत होतं, पण देव्हाऱ्यात हात कसा घालणार?

मंजुळाबाईंनी नैवेद्याचं पान वाढलं. वालाचं बिरडं, भात, तांदळाची भाकरी. पान देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि ओंजळीत पाणी घेतलं. आमच्याकडेही पानाभोवती पाणी फिरवतात आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथे एकेक थेंब कुठे पडतोय ते मी डोळ्यांनी पकडत होते. शेवटी त्यांनी बोटं झटकली तेव्हा मी न राहवून "अहो!" म्हणून ओरडले.

मंजुळाबाई चपापल्या. मग हसल्या. "नाय पडला. मला म्हाईत हाय, कॉम्प्युटरला पानी चालत नाय. रोज मी कोरड्या फडक्यानंच पुसते."

मग आम्हाला जेवल्याशिवाय जायची सोय नव्हती. मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी बिरडं, नझीरभाईंना सुकट. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, दुमडली तरी न तुटणारी. आमची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, कारण आम्हाला पावसाचा भरवसा नाही. ही तव्यावरून थेट पानात. मी तसं म्हटलं तर मंजुळाबाई म्हणाल्या, "मंग दुसरी घ्या. कवरा बोलता!" पिशवीतली शेंगाचटणी मी त्यांना देऊन टाकली. घास गिळताना माझी नजर देव्हाऱ्यावर, आणि मंजुळाबाईंची माझ्या पानावर.

निघताना त्यांनी डिस्क दोन्ही हातांनी उचलली, खणात गुंडाळली आणि माझ्या ओंजळीत दिली. रिकाम्या जागी सुपारी ठेवली. देव जागेवरून हलवला तर आमच्याकडेही असंच करतात. "परत कवा आनाल?" त्यांनी विचारलं. मी खणाची टोकं आणखी घट्ट आत खोचली. आणायला काही उरेल की नाही हेच मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेत मी डिस्क मांडीवरही ठेवली नाही. दोन्ही हातांत अधांतरी धरून बसले, म्हणजे धक्का माझ्या कोपरांना बसावा. नझीरभाईंनी अंड्यांची गाडी चालवली. मागचे कंटेनरवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. याच वाटेवर कर्नाळा दिसला, असं मला नझीरभाईंनी सांगितलं.

परत पनवेल

बाई तशाच बसल्या होत्या, परातीसकट. मी सातव्या खणाच्या पिंजऱ्यात डिस्क स्क्रूनं बसवली. कपाळावरचं हळदकुंकू पुसावं का, क्षणभर विचार केला आणि तसंच ठेवलं. ते पुढच्या बाजूला होतं, यंत्राला त्याचा उपद्रव नव्हता.

यंत्र सुरू झालं. कार्डानं पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग हजेरी.

सहा.

"सहा आहेत," मी म्हटलं, पण पंख्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून सांगितलं. नझीरभाई "अल्हम्दुलिल्ला" म्हणाले. मी त्यांना हातानं थांबवलं. सहा उभ्या आहेत म्हणजे त्या एकमेकींना ओळखतील असं नाही. लिनक्सला त्या जोडायला सांगणारी ओळ मी टाइप केली, दोनदा तपासली, आणि एंटर दाबायच्या आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

उत्तर एका ओळीत आलं. दोन गैरहजर, सहा हजर, साठा चालू.

पूजेआधी यंत्र रीतसर बंद केलं होतं आणि त्यानंतर ते एकदाही उठलं नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यातली डिस्क आपल्या बहिणींच्या एका अक्षरानंही मागे पडलेली नव्हती. हे मी सगळ्यांना समजावून सांगत होते, पण मी इतकी भरभर बोलत होते की त्यांना काही कळलं नसावं. बाईंनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मात्र मी रडले.

घरतभाऊ म्हणाले, "ताई, आईचा लावा ना."

"नाही," मी म्हटलं. माझा हा नकार त्यांना क्रूर वाटला असणार. पण सातवी डिस्क आता कुठल्याही क्षणी टकटक करू लागली असती तर? आधी प्रत काढायची, मग ऐकायचं. पिशवीतल्या दोन्ही कोऱ्या डिस्का मी नझीरभाईंच्या कॉम्प्युटरला लावल्या आणि गाणी उतरवायला सुरुवात केली. ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ आम्ही पडद्यावरचा आकडा पुढे सरकताना बघत घालवली. तो मधेच अडला की मी उभी राहायची, सरकला की बसायची. बाई मला कागदी पुडीतल्या लिमलेटच्या गोळ्या देत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीला द्याव्यात तशा. घरतभाऊ बाहेर पुस्तकं देऊन यायचे, दारात उभे राहायचे, पुन्हा जायचे.

दुपारी दोन्ही प्रती पुऱ्या झाल्या. एक बाईंनी पदराखाली घेतली, जणू कुणी काढून घेईल. दुसरी नझीरभाईंनी दुकानातल्या तिजोरीत ठेवायची ठरली. आणि पुढच्या दसऱ्याला देव्हाऱ्यात जायची ती वेगळी, तिसरी प्रत असेल, यंत्रातली डिस्क नव्हे, असं मी घरतभाऊंकडून कबूल करून घेतलं.

"आता लावू का?" मी विचारलं.

बाईंनी फाइल निवडली. गव्हाणला, त्याच घरात भरलेली. आम्ही चौघं स्टूल ओढून बसलो. सर्व्हर घोंगावत होता, वर पंखा डुगडुगत होता. स्पीकरमधून आधी खरखर आली, भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मग एक जाड, जरबेचा, म्हातारा आवाज एकदम खोलीत आला.

"ए हऱ्या! आदी तो पंखा बंद कर. बाईच्या डब्यात माजा आवाज जावाचा हाय, का त्याचा?"

घरतभाऊ ताडकन उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही तसेच बसून राहिलो, आणि पारूआई गायला लागल्या.